कार्डाची थकबाकी आणि पगारावरची जप्ती: कोणता कागद आला तर कुठे जायचं

पगारातून कोर्टाची कपात सुरू झाली की माणूस सगळ्यात आधी गाठतो पंचायत समितीतला पगार काढणारा बाबू. "भाऊ, एवढा महिना थांबवा ना." बाबूच्या हातात काही नसतं. कोर्टाचा आदेश असताना त्याने पूर्ण पगार सोडला, तर ती रक्कम देण्याची जबाबदारी कार्यालयावरच येते. मग माणूस बँकेच्या शाखेत जातो. शाखा सांगते, कार्डाचा विभाग वेगळा आहे, मुंबईला मेल करा. या फेऱ्या होईस्तोवर तीस दिवसांची एक मुदत हातची जाते. खरी दाद त्या मुदतीत, आणि तीही तिसऱ्याच ठिकाणी मिळणार असते.

हा लेख पगारदारांसाठी आहे: जिल्हा परिषदेचे शिक्षक, आरोग्यसेवक, एसटीचे वाहक-चालक, खासगी संस्थेतले लिपिक. गावात राहून दिल्ली-मुंबईच्या बँकेचं कार्ड वापरणारे. कार्ड घ्यावं की नाही, ही चर्चा इथे नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. क्रेडिट कार्ड देणारी बँक नुसत्या पत्रावर तुमच्या कार्यालयाला पगार कापायला सांगू शकत नाही. त्यासाठी कोर्टाचा हुकूमनामा (दाव्यातला अंतिम आदेश) लागतो किंवा लवादाचा (कोर्टाबाहेर वाद मिटवायला नेमलेल्या व्यक्तीचा) निवाडा, आणि त्यावर अंमलबजावणीची दरखास्त. म्हणजे जप्तीच्या आधी दोन-तीन कागद तुमच्या पत्त्यावर येऊन गेलेले असतात. बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं.

## १. हातातला कागद कोणाचा, ते ओळखा

कागदावर अशोकस्तंभ आहे, लाल अक्षरात "जप्ती" लिहिलंय, म्हणून तो कोर्टाचा ठरत नाही. कागद उघडून तीन गोष्टी शोधा: कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि वर्ष, हजर राहण्याची तारीख. समन्सवर कोर्टाचा शिक्का असतो, आणि सोबत दाव्याची प्रत जोडलेली असते.

वकिलाची किंवा वसुली एजन्सीची नोटीस. "सात दिवसांत भरा, नाहीतर पगार जप्त" अशी भाषा असते. याने पगार कापला जात नाही. तरी फेकू नका. थकीत रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि तारीख त्यावर असते, पुढे ती लागते.

लवादाची नोटीस. बँकेने लवाद नेमला आहे, सुनावणी ऑनलाइन आहे, असं पत्र किंवा ईमेल. लोक हिला एजंटची धमकी समजून सोडून देतात. तसं करू नका. लवादाचा निवाडा पुढे कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो.

कोर्टाचं समन्स. दावा दाखल झाला आहे.

दरखास्तीची नोटीस किंवा पगार जप्तीचा आदेश. हुकूमनामा आधीच झाला आहे.

खात्यावरचा होल्ड. खात्यात पैसे दिसतात, पण निघत नाहीत. कार्ड आणि पगाराचं खातं एकाच बँकेत असेल, तर कार्डाच्या करारातल्या अटीवर बोट ठेवून बँक असं करते. ही पगार जप्ती नव्हे. याची दाद शाखेकडे लेखी तक्रार, मग बँकेचा तक्रार विभाग, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, अशी मागायची. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर त्याचा अर्ज पगारबिल तयार व्हायच्या आधी द्या. बिल गेल्यावर त्या महिन्याचं काही होत नाही.

पतसंस्थेची कपात. पगारदार सहकारी पतसंस्थेचा हप्ता कोर्टाशिवाय कापला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणे कर्ज घेताना तुम्हीच तशी लेखी संमती दिलेली असते. कार्डवाल्या बँकेला हे कलम वापरता येत नाही.

> सावध: व्हॉट्सअॅपवर "कोर्ट ऑर्डर" पाठवून तासाभरात युपीआयने पैसे मागणारा कोर्टाचा माणूस नसतो. कोर्टात भरायची रक्कम चलनाने किंवा नाझर विभागात (कोर्टाच्या पैसे भरण्याच्या विभागात) पावती घेऊन भरली जाते.

> तपासा: मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी अॅप आहे. समन्सवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असेल तर तोच टाका. नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा. स्पेलिंग बदलून बदलून पाहा. वानखडेचं वानखेडे आणि राऊतचं राउत झालेलं असतं. तुमच्या जिल्ह्याबरोबर कार्डाच्या करारात ज्या शहराचं कोर्ट लिहिलंय तेही पाहा.

आणि रजिस्टर पोस्ट परत पाठवू नका. "घेतलंच नाही तर लागू कसं होईल?" हा पारावरचा सल्ला आजवर कोणाच्या कामी आलेला नाही. "घेण्यास नकार" असा शेरा मारून लखोटा परत गेला की कोर्ट समन्स बजावलं असं धरू शकतं. पुढे "मला माहीतच नव्हतं" म्हणण्याची सोय तुम्ही स्वतःच मोडलेली असते.

## २. वकिलाकडे जाण्याआधीची फाईल

रिकाम्या हाताने गेलात तर पहिली भेट वाया जाते. एवढं सोबत घ्या:

- कार्डाची स्टेटमेंट, निदान शेवटचा नियमित भरणा झाला तिथपासूनची. ईमेलमध्ये नसतील तर बँकेकडे लेखी मागा.
- भरलेल्या प्रत्येक रकमेचा पुरावा. एजंटला रोख दिली असेल तर पावती.
- मागच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती. हाती आलेली रक्कम पुरेशी नाही. एकूण वेतन, भत्ते आणि कपाती वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.
- पतसंस्था आणि इतर कर्जांच्या हप्त्यांचे दाखले.
- आलेला प्रत्येक लखोटा, पाकिटासकट. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून मुदत मोजायला मदत होते.

पोरांची फी, आईबापांची औषधं यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा. त्या पाचव्या टप्प्यात लागतील.

फीची अडचण असेल तर तालुका कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. पगारदार शिक्षिकेलाही ही सोय आहे, हे बऱ्याच मॅडमना ठाऊक नसतं.

> सावध: कार्डावर तीन वर्षांत एक रुपयाही भरला नसेल आणि दावाही झालेला नसेल, तर फाईल वकिलाला दाखवेपर्यंत कशावरही सही करू नका. पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. ती संपण्याआधी लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर ती नव्याने मोजली जाऊ शकते. आणि संपल्यानंतर "मी भरेन" असं सहीनिशी लिहून दिलं, तर कायद्याने मेलेलं देणं पुन्हा उभं राहतं. "फक्त पाचशे टाका, केस थांबवतो" या फोनमागे कधी कधी हाच हिशेब असतो.

## ३. समन्स आलं आहे: घड्याळ इथे सुरू होतं

दावा कोणत्या प्रकारचा, हे आधी वकिलाकडून वाचून घ्या. यात चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं.

साधा दिवाणी दावा असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला तुमचं उत्तर) द्यायची. कोर्ट कारण पाहून ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं.

समरी (झटपट निकालाचा) दावा असेल, म्हणजे समन्सवर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ चा उल्लेख असेल, तर १० दिवसांत हजेरी नोंदवायची. नंतर बँक दुसरं समन्स बजावते, ते मिळाल्यापासून आणखी १० दिवसांत "बचावाची परवानगी द्या" असा प्रतिज्ञापत्रासह अर्ज. या दाव्यात थेट कैफियत देऊन चालत नाही. पहिले दहा दिवस गेले तर बँकेचं म्हणणं कबूल आहे असं धरून हुकूमनामा होतो. आपल्याकडे शनिवारी पोस्टमनने पाकीट शाळेत दिलं, सोमवारी शाळेची तपासणी, बुधवारी तालुक्याला बाजार, म्हणता म्हणता आठवडा जातो. समरीत तो आठवडा परवडत नाही.

कैफियतीत काय लिहायचं ते वकील ठरवेल, पण मुद्दे तुम्हाला पुरवायचे आहेत. "मी कार्ड घेतलंच नाही" असली सरसकट नाकबुली देऊ नका. स्टेटमेंट समोर आल्यावर ती टिकत नाही आणि तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो. खरे मुद्दे आकड्यांत असतात. महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, विलंब शुल्क, न मागता चिकटवलेला विमा, भरलेले पण खात्यात न आलेले पैसे, ओटीपी फसवणुकीचा व्यवहार. स्टेटमेंटवर पेन्सिलीने खुणा करा. मूळ खरेदी किती आणि वरचा बोजा किती, हे एका कागदावर काढा. हा एकच कागद पुढे तडजोडीतही कामाला येतो.

दावा परगावच्या कोर्टात असेल आणि त्या कोर्टाला अधिकारच नाही असं वाटत असेल, तर ती हरकत पहिल्याच संधीला घ्यायची. नंतर घेतलेली कोर्ट सहसा ऐकत नाही.

आता ज्या गोष्टीकडे जवळपास कोणीच पाहत नाही ती. देणं कबूलच असेल, फक्त एकरकमी झेपत नसेल, तर हप्त्यांची मागणी हुकूमनामा होण्याआधी करा. निकाल देताना कोर्ट स्वतः हप्ते पाडून देऊ शकतं. एकदा हुकूमनामा झाला की हप्त्यांसाठी बँकेची संमती लागते, आणि तो अर्जही ३० दिवसांतच करावा लागतो. लोक उलटं करतात. निकाल होईपर्यंत गप्प, आणि पगार कापला गेला की हप्ते मागायला धावतात.

लवादाचं प्रकरण असेल तर लेखी उत्तर द्या आणि बँकेने एकट्याने लवाद नेमला असेल तर त्यावर तिथेच लेखी हरकत नोंदवा. निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकतर्फी लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात स्पष्ट केलं आहे. निवाडा झालाच, तर त्याची सही केलेली प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत आव्हान द्यावं लागतं. त्यावर कोर्ट फार तर आणखी ३० दिवस देऊ शकतं, त्यापुढे एक दिवसही नाही.

## ४. एकतर्फी हुकूमनामा आधीच झाला असेल

बहुतेकांना हे पगारपत्रकावर "कोर्ट रिकव्हरी" दिसल्यावरच कळतं. त्या दिवशी तीन कामं, याच क्रमाने.

एक, आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडून) जप्ती आदेशाची प्रत घ्या. शिक्षकांसाठी हे सहसा गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून होतं. आदेशावर दरखास्त क्रमांक, मूळ दाव्याचा क्रमांक, कोर्ट आणि एकूण रक्कम असते. प्रत मिळाल्याची तारीख स्वतःच्या वहीत लिहा.

दोन, ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तिथे नक्कल अर्ज टाका. दावा, हुकूमनामा, रोजनामा (कोर्टातल्या तारीखवार नोंदी) आणि समन्स बजावणीचा अहवाल, सगळ्याच्या नकला. बजावणीचा अहवाल सगळ्यात महत्त्वाचा. बेलिफाने (समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाने) कुठे जाऊन काय लिहिलं? तुम्ही बदलीने दारव्ह्याहून उमरखेडला गेलात आणि समन्स जुन्या भाड्याच्या घराच्या दारावर चिकटवलं, असं निघालं तर तुमची बाजू मजबूत.

तीन, एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज. मुदत ३० दिवसांची. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून मोजतात. उशीर झाला असेल तर उशीरमाफीचा अर्ज सोबत, प्रत्येक आठवड्याचं कारण देऊन. बदलीचा आदेश, दवाखान्याची कागदपत्रं जोडा. कोर्ट काही रक्कम भरण्याची अट घालू शकतं, तेवढी तयारी ठेवा. समरी दाव्यातल्या हुकूमनाम्यासाठी तरतूद वेगळी आणि जास्त कडक आहे, वकिलाला हे आठवणीने विचारा.

> सावध: हुकूमनामा मुंबईचा आणि दरखास्त पुसदला चालू, असं असेल तर पुसदच्या कोर्टात "व्याज जास्त लावलं, रक्कमच चुकीची" हा वाद घालून उपयोग नाही. अंमलबजावणी करणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जात नाही. तो वाद जिथे हुकूमनामा झाला तिथेच, किंवा अपिलात. पुसदला फक्त किती कापायचं, काय कापायचं नाही आणि किती फिटलं, एवढंच बोलता येतं.

अर्ज दाखल केला म्हणून कपात आपोआप थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, आणि स्थगितीचा आदेश झाला की त्याची प्रत कार्यालयात पोचवून पोच घ्यावी लागते.

## ५. पगाराचं गणित स्वतः मांडा

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या कलम ६० प्रमाणे पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. राहतो तो एक-तृतीयांश. शाळेतल्या चर्चेत याचं "पगाराच्या ३३ टक्के" होतं आणि तो हातात येणाऱ्या पगारावर मोजला जातो. दोन्ही चूक. गणित एकूण वेतनावर होतं, त्यातून फक्त सरकारने अधिसूचनेने जप्तीमुक्त केलेले भत्ते वगळायचे.

समजा, जिल्हा परिषद शिक्षकाचं एकूण वेतन ६४,००० रुपये, त्यात जप्तीमुक्त भत्ते ३,०००.

- हिशेबासाठी वेतन: ६४,००० − ३,००० = ६१,०००
- पहिले १,००० बाजूला: ६०,०००
- त्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित: ४०,०००
- जप्तीयोग्य: २०,०००

आता पगारपत्रक पूर्ण करा. भविष्य निर्वाह निधी ६,०००, व्यवसाय कर २००, पतसंस्था १८,०००, कोर्ट २०,०००. हातात १९,८००. जप्तीमुक्त भत्ते धरून कायद्याने ४४,००० वाचवले होते, पण पतसंस्थेचा हप्ता त्याच सुरक्षित भागातून जातो, कारण तो तुमच्या संमतीने आहे. म्हणून जप्ती आली की पतसंस्थेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. कोर्टापेक्षा तिथे लवकर काम होतं. संचालक ओळखीचे असतात, आणि वसुली पूर्ण बुडण्यापेक्षा लांबलेली त्यांनाही परवडते.

कोर्टालाही मासिक कपात हप्त्यांनी किती करायची हे ठरवता येतं. दुसऱ्या टप्प्यात बाजूला ठेवलेल्या पावत्या इथे काढा आणि दरखास्तीच्या कोर्टात कपात कमी करण्याचा अर्ज द्या. मंजूर होईलच असं नाही. मोघम "परिस्थिती हलाखीची" लिहिलेला अर्ज मात्र नक्कीच पडतो.

> तपासा: कपात वीस हजार हवी आणि बाविसशे जास्त जातात? बाबूशी भांडू नका. पगारपत्रक आणि वरचं गणित जोडून कार्यालयाला लेखी पत्र, त्याची प्रत दरखास्तीच्या कोर्टात.

दुसऱ्या कार्डवाल्या बँकेचा जप्ती आदेश याच काळात आला तर पगाराचा आणखी तिसरा हिस्सा जात नाही. जप्तीयोग्य भाग आधीच्या आदेशात अडकलेला असेल, तर कार्यालयाने नवा आदेश पहिल्या जप्तीच्या तपशिलासह कोर्टाला परत पाठवायचा असतो. नवीन लिपिकाला हा नियम माहीत नसतो आणि तो दोन्ही कापतो. लेखी लक्षात आणून द्या.

## ६. काय जप्त होत नाही, आणि कुठे फसगत होते

मजुराची मजुरी जप्तीमुक्त आहे, मग तो कुशल असो की अकुशल. जिनिंगमधल्या हमालाला "तुझी मजुरी कापतो" म्हणणारा एजंट खोटं बोलतो. सेवानिवृत्ताची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी सुरक्षित. ती बँकेत ठेव म्हणून ठेवली तरी तिचं स्वरूप बदलत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि आयुर्विम्याची पॉलिसीही सुरक्षित. निलंबनात मिळणारा सरकारी कर्मचाऱ्याचा निर्वाह भत्ताही.

शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं, बैलजोडी, बियाणं यांनाही संरक्षण आहे. पण इथे आपल्याकडचे नोकरदार हमखास फसतात. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून तुम्ही या कायद्यापुरते शेतकरी होत नाही. स्वतः कसणारा आणि मुख्यतः शेतीच्याच उत्पन्नावर जगणारा, तो शेतकरी. चार एकर ठोक्याने देऊन पगारावर घर चालवणाऱ्या गुरुजींना घरासाठी ही सवलत मागता येणार नाही. आणि शेतजमीन स्वतः जप्तीमुक्त नाहीच.

ही संरक्षणं करारात लिहून दिली तरी सुटत नाहीत. कलम ६० चा हक्क सोडण्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. कार्डाच्या अर्जावर तुम्ही काय काय सह्या केल्या, त्याची या बाबतीत काळजी नको.

अटकेची भीती घातली जाते. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही. पुरुषाच्या बाबतीतही, ऐपत असून मुद्दाम टाळतो आहे असं दाखवल्याशिवाय दिवाणी कैद होत नाही. १९८० च्या जॉली जॉर्ज व्हर्गीस निकालापासून हे पक्कं आहे. चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेल्याचा खटला मात्र फौजदारी असतो. त्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायचे १५ दिवस मोजायचे, आणि समन्सला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं. दिवाणी आणि फौजदारी या दोन कागदांची गल्लत करू नका.

सरकारी नोकरीत असाल तर थकबाकीची कोर्ट कारवाई वरिष्ठांना स्वतःहून लेखी कळवा. वर्तणूक नियमांत तशी अपेक्षा आहे. कोर्टाचा आदेश आल्यावर त्यांना कळण्यापेक्षा ते बरं.

## ७. तडजोड: कधी, कशी, कोणाच्या खात्यात

तडजोड कोणत्याही टप्प्यावर करता येते. रेटून सूट मिळण्याची शक्यता हुकूमनाम्याआधी जास्त; जप्ती सुरू झाल्यावर बँकेला दरमहा पैसे येतच असतात, तिला घाई राहत नाही.

१. आकडा आधी घरी ठरवा. तिसऱ्या टप्प्यातला मूळ रक्कम आणि बोजा वेगळा काढलेला कागद समोर ठेवा.

२. बोलणी फोनवर झाली तरी पत्र बँकेच्या लेटरहेडवर, बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलं पाहिजे. त्यात एकूण रक्कम, हप्ते, तारखा, आणि "यानंतर काही येणे राहणार नाही, दावा किंवा दरखास्त मागे घेऊ" हे वाक्य हवं. वाक्य नसेल तर पैसे नाहीत.

३. पैसे थेट कार्ड खात्यात. एजंटच्या युपीआयवर एक रुपयाही नको, तो गावचा असला तरी. एजंट घरी किंवा फोनवर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर तगादा लावू शकत नाही, शेजाऱ्यांत बोभाटा करू शकत नाही. केला तर रेकॉर्डिंगसह तक्रार.

४. हुकूमनामा झालेला असेल तर कोर्टाबाहेर भरलेली रक्कम कोर्टात नोंदवावीच लागते. या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महाग चूक इथे होते. ऑर्डर २१ नियम २ प्रमाणे नोंद न झालेला भरणा दरखास्तीचं कोर्ट विचारातच घेत नाही. बँकेच्या वकिलाकडून पुरसिस (रक्कम मिळाल्याचं कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दाखल करून घ्या. तो चालढकल करत असेल तर भरल्यापासून ३० दिवसांत तुम्ही स्वतः अर्ज करा. नाहीतर तडजोडीचे ऐंशी हजार भरूनही पगार कापला जाणं चालूच राहतं, आणि तुमच्या हातात फक्त बँकेची पावती.

लोकअदालतीचा रस्ता सोपा आहे. कोर्ट फी लागत नाही, भरलेली असेल तर ज्याने भरली त्याला परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. गर्दीत, टेबलापाशी उभ्या उभ्या सही करू नका. हप्त्याचा आकडा, तारीख आणि हप्ता चुकला तर काय, हे तीन मुद्दे वाचून घ्या. हप्ता चुकला की थेट दरखास्त.

हप्ते पगारावर बसवा, पिकावर नको. "सोयाबीन निघालं की पन्नास, कापूस विकला की उरलेले" असं लिहून देणारे खूप भेटतात. भाव पडला, परतीचा पाऊस आला, की तडजोड मोडते आणि सूटही जाते. आणि तडजोडीचे पैसे उभे करायला विनापरवाना सावकाराकडे किंवा मोबाईल अॅपच्या कर्जाकडे जाऊ नका. कार्डवाली बँक निदान कोर्टातून येते.

## ८. कपात बंद होते की नाही, ते तुम्हीच पाहायचं

रक्कम फिटली म्हणून कार्यालय स्वतःहून थांबत नाही; त्याला कोर्टाचं पत्र लागतं. दर तीन महिन्यांनी नाझर विभागातून किती जमा झालं याची माहिती काढा आणि पगारपत्रकाशी ताळा करा. कापलेली रक्कम कोर्टात पोचलीच नाही, असं मध्येच निघू शकतं.

एकाच हुकूमनाम्यात पगारावर एकूण २४ महिने जप्ती राहिली, सलग किंवा तुटक, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. वेगवेगळ्या हुकूमनाम्यांची मिळून २४ महिने जप्ती झाली असेल तर पुढचे १२ महिने सूट. पंचविसाव्या महिन्याचं पगारबिल निघायच्या आधी दरखास्तीच्या कोर्टात अर्ज द्या, २४ पगारपत्रकं जोडून. हे कोणी आठवण करून देत नाही. देणं मात्र संपलेलं नसतं: बँक उरलेल्या रकमेसाठी इतर मालमत्तेकडे वळू शकते, हुकूमनाम्याची मुदत १२ वर्षं आहे.

पूर्ण फिटल्यावर तीन कागद घ्या: दरखास्त निकाली निघाल्याच्या आदेशाची नक्कल, कार्यालयाला गेलेल्या पत्राची प्रत, आणि बँकेचं नाहरकत पत्र. महिना-दीड महिन्याने सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. पूर्ण भरणा केला असेल तर खातं "क्लोज्ड" दिसलं पाहिजे. सूट घेऊन मिटवलं असेल तर "सेटल्ड" दिसेल, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी बँक त्यावर प्रश्न विचारेल. नोंद चुकीची असेल तर ऑनलाइन तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.